रात्रीच्या गप्पा, नवा यजमान आणि जुना सोफा

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘चला हवा येऊ द्या’ मार्च २०२४ मध्ये थांबला आणि जुलै २०२५ मध्ये परतला, तेव्हा नीलेश साबळे यांच्या जागी अभिजीत खांडकेकर उभे होते. त्याच जुलैत अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीने रात्रीच्या गप्पांचा ‘द लेट शो’ मे २०२६ मध्ये संपवण्याचे जाहीर केले. तिथे यजमान स्टीफन कोल्बेअर यांच्या खुर्चीत दुसरे कोणी बसणार नव्हते, खुर्चीच जाणार होती. या दोन बातम्यांवर ठाण्यात जी चर्चा ऐकू येते, ती एकाच वाक्यापाशी येऊन थांबते : ‘पहिल्याची सर नाही.’ घाणेकर नाट्यगृहाच्या मध्यंतरात वडा खाताना हे वाक्य ठीक आहे. वाहिन्यांच्या बैठकीतही याच वाक्यावर निर्णय होऊ लागले, तर पंचाईत आहे. घोडबंदर रस्त्याच्या आजूबाजूच्या स्टुडिओंत कॅमेरा, ध्वनी, लेखन आणि संकलनाची कामे करणाऱ्या आम्हा काही जणांना या प्रकरणाची पॅनेलमधून, म्हणजे स्टुडिओच्या नियंत्रण कक्षातून, दिसणारी बाजू मांडावीशी वाटते.

सुरुवात तुलनेपासूनच करू. साबळे त्या कार्यक्रमाचे सूत्रसंचालक होतेच, शिवाय लेखन आणि दिग्दर्शनही त्यांचेच होते. असा माणूस मंचावर असतो तेव्हा विनोद पडला तर पुढे काय टाकायचे, हे त्याच्या कानात कोणी सांगावे लागत नाही. पुढच्या प्रसंगात काय येणार हे त्याला पाठ असते, म्हणून तो मधली दोन वाक्ये गाळतो, रंगात आलेल्या नटाला सैल सोडतो, पाहुणा अवघडलेला दिसला की विषय फिरवतो. त्याच्या जागी निव्वळ सूत्रसंचालक आणला, की हे काम तिघांत वाटले जाते : मंचावरचा माणूस, पॅनेलमधला दिग्दर्शक आणि कागद घेऊन बसलेला लेखक. दुवा काय, तर कानातले बटण. दिग्दर्शकाला सुचणार, तो टॉकबॅकवर सांगणार, यजमान ऐकणार, मग बोलणार. यात दोन-अडीच सेकंद जातात आणि तेवढ्यात हशा ओसरलेला असतो. प्रेक्षक म्हणतो, ‘याला जमत नाही.’ कमी पडलेली असते ती रचना. नव्या माणसाला जुन्याच्या जागी उभे करताना जुना माणूस नेमकी किती कामे करत होता, हे मोजायचे राहून गेलेले असते.

अमेरिकेची उदाहरणे आपल्याकडे नेहमी अर्धवट सांगितली जातात, म्हणून थोडे तिकडचे. रात्री साडेअकराच्या गप्पा हा प्रकार तिथल्या वेळापत्रकातून जन्मला. अकरा वाजता स्थानिक केंद्रे आपापल्या शहराच्या बातम्या देतात, त्या संपल्या की यजमान येतो आणि दिवसभराच्या बातम्यांवर विनोद करतो. बातमी ताजी, माणूस पलंगावर, आणि घरात दुसरे काही लावायची सोय नाही. ‘द टुनाइट शो’ सप्टेंबर १९५४ मध्ये स्टीव्ह अ‍ॅलन यांनी सुरू केला, मग जॅक पार आले, आणि १९६२ ते १९९२ अशी तीस वर्षे जॉनी कार्सन. कार्सन यांचे नाव घेताना लोक ‘तीस वर्षे तोच कार्यक्रम’ असे म्हणतात, पण तो तोच नव्हता. सुरुवातीला तो १०५ मिनिटांचा होता, पुढे नव्वदचा झाला आणि १९८० पासून तासाचा. १९७२ मध्ये तो न्यूयॉर्कहून कॅलिफोर्नियातल्या बरबँकला गेला आणि पाहुण्यांची जातकुळीच बदलली, कारण चित्रपटवाले तिथे राहत होते. यजमान एकच असतानाही साचा सतत बदलत होता.

उलट बाजूही पाहा. डेव्हिड लेटरमन यांचा ‘लेट नाइट’ फेब्रुवारी १९८२ मध्ये कार्सन यांच्या पाठोपाठच्या वेळेत सुरू झाला आणि निर्मितीत कार्सन यांचीच कंपनी होती. आधीच्या कार्यक्रमाची नक्कल होऊ नये याची काळजी घेतली गेली. वाद्यवृंद चार जणांचा, कार्सन यांच्याकडचा तुताऱ्या-ट्रॉम्बोनचा ताफा नाही. या अडचणीतून जे निघाले ते पूर्ण वेगळे होते : कॅमेरा रस्त्यावर नेणे, छपरावरून वस्तू खाली टाकणे, गंभीर चेहऱ्याने फालतू गोष्टी करणे. एका पिढीच्या विनोदाची चव त्यातून बदलली. कोनन ओब्रायन १९९३ मध्ये त्या जागी आले तेव्हा ते लेखक म्हणून ओळखले जात होते, पडद्यावर त्यांना कोणी पाहिलेले नव्हते. समीक्षकांनी झोडपले आणि वाहिनी तेरा-तेरा आठवड्यांची मुदतवाढ देत राहिली. दोन-तीन वर्षांनी तेच समीक्षक कौतुक करू लागले. आपल्याकडे तेरा आठवडे म्हणजे एक अख्खा सीझन असतो. तो संपला की सेट मोडून प्लाय दुसऱ्या मालिकेच्या स्वयंपाकघराला लावलेला असतो.

२००९-१० चा प्रसंग मात्र आम्हाला सर्वांत शिकवणारा वाटतो. ‘टुनाइट’ दाखवणाऱ्या एनबीसी वाहिनीने २००४ मध्येच ओब्रायन यांना ‘टुनाइट’ देण्याचे कबूल केले होते. जून २००९ मध्ये तो दिला, पण तोवरचे यजमान जे लेनो यांनाही वाहिनीला सोडवेना, म्हणून सप्टेंबरपासून लेनोंना रोज रात्री दहाचा कार्यक्रम दिला. दहाला पूर्वी नाट्यमालिका असत. त्या गेल्या, दहाचा प्रेक्षक आटला, त्यामुळे अकराच्या स्थानिक बातम्या आटल्या, आणि त्यामुळे अकरा पस्तीसचे ओब्रायन आटले. स्थानिक केंद्रांनी ओरड केली. मग लेनोंना अकरा पस्तीसला अर्धा तास आणि ‘टुनाइट’ मध्यरात्रीनंतर बारा पाचला, असा तोडगा निघाला. ओब्रायन यांनी तो नाकारला आणि २२ जानेवारी २०१० ला शेवटचा भाग केला. बाहेर सगळे ‘लेनो चांगले की ओब्रायन’ यावर भांडत होते. बिघडले होते ते आधीच्या कार्यक्रमाचे पाणी. आमच्या धंद्यात याला ‘लीड-इन’ म्हणतात. मराठी वाहिनीवर साडेनऊच्या विनोदी कार्यक्रमाचा आकडा पडला, की नऊच्या मालिकेत काय चालले आहे ते आधी पाहावे. तिथे नायिकेची स्मृती तिसऱ्यांदा गेली असेल, तर साडेनऊचा सूत्रसंचालक काय करणार?

आता आपल्याकडे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले आणि ‘प्रतिभा आणि प्रतिमा’सारख्या कार्यक्रमांतून मराठी मुलाखतीची एक शांत पद्धत रुजली. हिंदीत त्याच सुमारास तबस्सुम यांचा ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ आला. अमेरिकी साच्याची सरळ प्रत म्हणावी अशी पहिली मोठी गोष्ट १९९७ मध्ये सोनीवर शेखर सुमन यांच्या ‘मूव्हर्स अँड शेकर्स’ने आणली : सुरुवातीला यजमानाचे एकपात्री, मग वाद्यवृंद, सोफा, सगळे. राजकारण्यांच्या नकलांवर ती चालली. २०१२ मध्ये तो कार्यक्रम पुन्हा आणला तेव्हा यजमान तोच होता, सोफा तसाच होता, पण फार दिवस टिकला नाही. मधल्या काळात नकला जागोजाग मिळू लागल्या होत्या. कपिल शर्मा यांचे उदाहरण याच्या उलटे आहे. २०१३ मध्ये कलर्स, २०१६ मध्ये सोनी, मार्च २०२४ पासून नेटफ्लिक्स : नाव बदलले, वाहिनी बदलली, शेवटी तर टीव्हीच सुटला, तरी तो माणूस आणि त्याच्याभोवतीचे नटांचे कुटुंब हाच कार्यक्रम असल्यामुळे प्रेक्षक मागे गेला.

मराठीत गप्पांचा सर्वांत टिकलेला कार्यक्रम कोणता, असे विचारले तर कोणी ‘होम मिनिस्टर’चे नाव घेत नाही, याचे आम्हाला नवल वाटते. २००४ ते २०२२ अशी अठरा वर्षे आदेश बांदेकर संध्याकाळी लोकांच्या घरी जाऊन गप्पाच मारत होते. यजमान पाहुणा झाला आणि पाहुणी यजमानीण. टेबल नाही, वाद्यवृंद नाही, एकपात्री नाही. २०२२ मध्ये सुबोध भावे यांच्या ‘बस बाई बस’ने लेडीज स्पेशल बसचा सेट लावून प्रश्न विचारायचे काम बसमधल्या बायकांवर सोपवले, तीही अक्कल आपल्याच मातीतली. मराठी माणसाला गप्पा आवडतात त्या ओटीवर, कट्ट्यावर, डब्यात. चकचकीत टेबलामागे बसलेला माणूस त्याला बँकेतल्या साहेबासारखा वाटतो. मागे शहराच्या दिव्यांचे चित्र आणि पुढे कॉफीचा मग ठेवला की कार्यक्रम ‘इंटरनॅशनल’ होतो, ही समजूत कला विभागाच्या डोक्यातून अजून गेलेली नाही.

टेबल जाण्याचे दुसरे, निव्वळ तांत्रिक कारणही आहे आणि तेच आज सर्वांत महत्त्वाचे झाले आहे. कार्यक्रमाचा मोठा प्रेक्षक आता फोनवर उभ्या चौकटीत तुकडे पाहतो. टीव्हीची चौकट १९२० बाय १०८० बिंदूंची. तिच्यातून नऊ-सोळाची उभी पट्टी कापली, तर रुंदीत जेमतेम ६०७ बिंदू उरतात, म्हणजे एक तृतीयांशापेक्षाही कमी. टेबलाच्या या टोकाला यजमान आणि त्या टोकाला पाहुणा असेल, तर दोघे त्या पट्टीत मावतच नाहीत. मग संकलक दोघांचे क्लोज-अप एकावर एक रचतो, आणि गप्पांऐवजी दोन पासपोर्ट फोटो बोलताना दिसतात. उपाय सोपा आहे : दोन खुर्च्या गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ, एकमेकींकडे थोड्या तिरप्या, आणि त्यांच्या मधोमध एक कॅमेरा कायम उभ्या तुकड्यासाठी राखून ठेवलेला. त्याबरोबर प्रत्येक कॅमेऱ्याचे चित्रण स्वतंत्र साठवले पाहिजे. पॅनेलवर कापून तयार झालेली एकच प्रत ठेवली, तर पाहुण्याने मारलेला डोळा नेमका त्या वेळी दिग्दर्शक वाइड शॉटवर होता म्हणून कायमचा जातो. साठवणीचा खर्च वाचवायला हे टाळले जाते आणि मग डिजिटल विभाग ‘क्लिप मिळत नाही’ म्हणून ओरडतो.

अमेरिकेत हे आधी घडले. जिमी फॅलन यांनी फेब्रुवारी २०१४ मध्ये ‘टुनाइट’ घेतला आणि मुलाखतीची जागा खेळांनी भरली, कारण खेळाचा पाच मिनिटांचा तुकडा सुटा चालतो. जेम्स कॉर्डन यांचे गाडीत गाणी म्हणणे त्यांच्या तासाभराच्या कार्यक्रमापेक्षा कितीतरी जास्त पाहिले गेले. पण तुकडा पाहणारा माणूस रात्री अकरा पस्तीसला टीव्ही लावत नाही, आणि जाहिरातीचा खरा पैसा तिथे होता. कॉर्डन एप्रिल २०२३ मध्ये गेले, तेव्हा त्यांच्या जागी त्याच धाटणीचा कार्यक्रम आलाच नाही. २०२४ मध्ये ‘लेट नाइट’ करणाऱ्या सेथ मायर्स यांच्याकडचा वाद्यवृंद खर्चापायी गेला आणि फॅलन पाचाऐवजी चार रात्रींवर आले. ‘द लेट शो’ बंद करण्याचे कारणही वाहिनीने आर्थिकच सांगितले. त्यामागे राजकारण किती, यावर तिकडे वाद आहे आणि तो व्हायलाच हवा, पण वाद्यवृंद आणि शुक्रवार त्याआधीच गेले होते.

पुन्हा घोडबंदर. आपल्या कार्यक्रमांत सर्वांत जास्त काय बिघडते, असे कोणी विचारले तर आमचे उत्तर एका शब्दाचे आहे : बँक. अमेरिकेतला रात्रीचा कार्यक्रम त्याच दिवशी संध्याकाळी चित्रित होतो. सकाळी लेखक बातम्या चाळतात, दुपारी तालीम, पाचच्या आसपास प्रेक्षकांसमोर चित्रीकरण, रात्री प्रक्षेपण. आपल्याकडे एका दिवसात दोन, कधी तीन भाग उरकतात आणि दोन-तीन आठवड्यांचा साठा करून ठेवतात, तीच बँक. स्टुडिओचे भाडे, सेट, नटांच्या तारखा यांचा हिशेब त्याशिवाय बसत नाही, हे आम्हालाही कळते. पण मग मंचावरून आजच्या विषयावर बोलताच येत नाही. विधानसभेत दुपारी जे घडले त्याचा मीम चार वाजता फोनवर येतो, आणि आपला यजमान रात्री साडेनऊला ‘हल्ली महागाई फार वाढली आहे’ असे म्हणतो. विनोद शिळा होऊ नये म्हणून बिनवेळेचा करावा लागतो आणि बिनवेळेचा विनोद नवरा-बायको, सासू आणि वजन यांच्या बाहेर जात नाही. प्रेक्षकाची आवड बदलली असे आपण म्हणतो. त्याला ताजे मिळते ते ठिकाण बदलले आहे, असे म्हणणे जास्त खरे.

पूर्ण कार्यक्रम रोज चित्रित करणे परवडणार नाही, पण सुरुवातीची चार मिनिटे परवडतील. सेट उभा असेल तर एक कॅमेरा, एक दिवे लावणारा, एक ध्वनीवाला, यजमान आणि दोन लेखक एवढ्यांत दुपारी तीनपर्यंत चार मिनिटे चित्रित होतात आणि सातपर्यंत बँकेतल्या भागाच्या डोक्यावर जोडून पाठवता येतात. अडचण दोन ठिकाणी येते. एक, कपडे : बँकेतल्या भागात यजमानाने काय घातले होते याचा फोटो जपलेला नसतो आणि जोड उघडी पडते. दोन, हशा : चार मिनिटांना प्रेक्षक नसतात, म्हणून उसना हशा घातला जातो. तो घालू नये. प्रेक्षक नसलेली चार मिनिटे प्रेक्षक नसल्यासारखीच लिहावीत, कॅमेऱ्याच्या जवळ, हळू आवाजात. २०२० च्या टाळेबंदीत जगभरच्या यजमानांनी घरून असेच केले होते, आणि काहींना ते अधिक शोभले.

उसन्या हशाबद्दल थोडे अधिक, कारण प्रेक्षक याबाबत आपल्याला वाटतो तेवढा भाबडा नाही. हसणारे चेहरे पुष्कळदा आधीच घेऊन ठेवलेले असतात. आमसुली साडीतल्या त्याच बाई एकाच भागात दोनदा, तशाच मान मागे टाकून हसल्या, की घरातली आजीसुद्धा ओळखते. खरा हशा पकडायचा तर प्रेक्षकांवरचे माइक पहिल्या दोन-तीन रांगांच्या डोक्यावर टांगावे लागतात आणि प्रेक्षकांना ऐकू यावे म्हणून लावलेले स्पीकर त्या माइकांच्या मागे, खाली तोंड करून ठेवावे लागतात. नाहीतर यजमानाचा आवाज स्पीकरमधून पुन्हा माइकात शिरतो आणि सगळा कार्यक्रम विहिरीत चालला आहे असे वाटते. हशाचा ट्रॅक वेगळा साठवावा. कपड्यांना लावायच्या लेपल माइकची तऱ्हा याहून नाजूक. पाहुणी पैठणी नेसून, मंगळसूत्र आणि वर ठुशी घालून येते. जरीचा काठ माइकला घासतो, मणी वाजतात, आणि ती हसली की नेमका तिथेच खरखराट. माइक हनुवटीपासून वीतभर खाली, दागिन्यांपासून दूर लावायचा, वायरचा एक वेढा आत टेपने चिकटवायचा, आणि चाचणी घेताना ‘वन टू थ्री’ म्हणायला न लावता तिला हसवायचे आणि मान दोन्हीकडे वळवायला सांगायचे.

स्टुडिओचे तापमान हा क्षुल्लक वाटणारा विषय आहे. लेटरमन आपले थिएटर कुडकुडायला लावेल इतके थंड ठेवत, हे प्रसिद्ध आहे. उबेत माणूस पेंगतो आणि पेंगणारा माणूस हसत नाही. आपल्याकडचे बरेचसे स्टुडिओ म्हणजे गोदामे. एसीचा आवाज ध्वनीत येतो म्हणून टेक सुरू होताना तो बंद करतात, मे महिन्यात वीस मिनिटांत मेकअप ओघळू लागतो आणि मागच्या रांगा रुमाल काढतात. प्रत्येक ब्रेकला दहा मिनिटे एसी चालवणे हा एकच मार्ग. पावसाळ्यात पत्र्याच्या छपरावर पाऊस आला की टेक थांबवावाच लागतो. बाकी कशाची सर नसली, तरी ती सर भरपूर असते.

लेखनाकडे येतो, कारण नव्या यजमानाची सर्वांत मोठी अडचण तिथे आहे. आठ मिनिटांच्या एकपात्रीला पंचवीस-तीस विनोद लागतात. लिहिलेल्या दहांतले आठ टाकून द्यायचे असतात, तेव्हा रोज दीडशेच्या आसपास लिहावे लागतात, आणि आपल्याकडे लेखक असतात दोन, फार तर तीन. त्यात मराठीची एक खास खोच आहे. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि ते हशा गिळते. ‘गायमुखच्या घाटातल्या कोंडीत अडकलेला माणूस घरी पोचला तेव्हा त्याचा मुलगा दहावी पास झाल्याचे त्याला कळले,’ हे वाक्य मंचावर मेलेले आहे, कारण ‘दहावी’ ऐकून प्रेक्षक हसायला तोंड उघडतो आणि त्यावर आणखी चार शब्द पडतात. तेच असे लिहायचे : ‘गायमुखला अडकलो तेव्हा पोरगा बालवाडीत होता. घरी पोचलो, तर दारात पेढे. दहावीचे.’ ज्या शब्दावर हसायचे तो शेवटी, आणि त्याच्यापुढे शांतता. इंग्रजी किंवा हिंदीतून उतरवलेल्या विनोदांत हे सांभाळले जात नाही. शिवाय हा विनोद ज्याच्या तोंडी द्यायचा त्याचा श्वास केवढा आहे, तो ‘ळ’ कसा म्हणतो, वऱ्हाडी आहे की कोकणी, हे पाहून शब्द बदलावे लागतात. जुन्या यजमानासाठी लिहिणारे हात नव्यासाठीही त्याच लयीत लिहीत राहतात, हे ऐकणाऱ्याला आकडा पडायच्या कितीतरी आधी कळते. बदलानंतर लेखकांपैकी निदान एक जण नव्या यजमानाने स्वतः आणलेला असावा, ही अट आम्ही करारातच घालू.

नव्या माणसाला प्रॉम्प्टर देऊन निर्धास्त होणे ही आणखी एक सवय. काचेवर धावणारी अक्षरे वाचताना बुबुळे डावीकडून उजवीकडे सरकतात आणि मोठ्या टीव्हीवर ती स्पष्ट दिसतात. एकपात्रीसाठी चालवून घेता येते. पाहुण्याशी बोलताना ते जीवघेणे ठरते. तिथे हातात कार्ड हवे, कार्डावर वाक्य न लिहिता दोन-तीन शब्द, आणि ते शब्द यायला हवेत आधीच्या बोलण्यातून. पाहुण्याशी आदल्या दिवशी फोनवर तीस-चाळीस मिनिटे बोलून, आठ मिनिटांच्या गप्पांसाठी तीन किस्से आणि एक राखीव काढणे हे स्वतंत्र माणसाचे काम आहे. आपल्याकडे ते चित्रपटाच्या प्रसिद्धीवाल्याने पाठवलेल्या कागदावर भागवले जाते. मग तोच नट पाच वाहिन्यांवर ‘सेटवर आम्ही खूप धमाल केली’ हेच सांगतो. धमाल काय केली ते कोणी विचारत नाही, कारण कार्डावर पुढचा प्रश्न लिहिलेला असतो.

नेमकी ही जागा यूट्यूबवरच्या मराठी मुलाखतींनी घेतली. २०१६ मध्ये भारतीय डिजिटल पार्टीच्या ‘कास्टिंग काउच’मध्ये अमेय वाघ आणि निपुण धर्माधिकारी यांनी पाहुण्याची आरती ओवाळायची रीतच उलटी केली. पुढे सुलेखा तळवलकर यांचा ‘दिल के करीब’ आणि कितीतरी पॉडकास्ट आले. ज्याला टीव्हीवर पंचेचाळीस मिनिटे जड वाटतात तो प्रेक्षक दोन तासांची मुलाखत कशी ऐकतो, हा प्रश्न वाहिन्यांना पडतो. तो ती बघत नसतो, ऐकत असतो : ठाणे-पनवेल लोकलमध्ये, ऐरोली-महापेच्या पाळीला जाणाऱ्या कॅबमध्ये, पोळ्या लाटताना. मधे थांबतो, दुसऱ्या दिवशी पुढे ऐकतो. टीव्हीच्या तासाला जाहिरातींची कमाल मर्यादा बारा मिनिटांची. ती पूर्ण वापरली, मग शीर्षके आणि ‘ब्रेकनंतर पाहूया’ वजा केले, की बोलायला चाळीस-पंचेचाळीस मिनिटे उरतात, तीही चार-पाच तुकड्यांत. गप्पांना लय चढायला लागते ती सहा-सात मिनिटांनी, आणि ब्रेक येतो आठव्या मिनिटाला. पॉडकास्टवाल्यांनीही हुरळून जाऊ नये. दोन तासांच्या मुलाखतीत पहिली चाळीस मिनिटे ‘तुमचं बालपण कुठे गेलं’ यात घालवणे हा संकलनाचा आळस आहे.

यात हिशेबाचा एक मोठा घोळ आहे. टीआरपी मोजणाऱ्या बार्कची मीटर देशभरात पन्नास-साठ हजार घरांत बसवलेली आहेत. वाहिनीच्या आवाजात कानाला न जाणवणारी खूण मिसळलेली असते, मीटर ती ओळखते आणि घरातल्या कोणी बटण दाबले आहे त्यावरून प्रेक्षक ठरतो. आकडे गुरुवारी येतात. पाळीवरून दहाला परतलेल्या मुलीने सानपाड्याच्या घरी फोनवर पाहिलेला तुकडा या वहीत कुठेच नसतो. टीव्हीचा रिमोट साडेनऊला तिच्या आजीच्या हाती असतो. म्हणजे गुरुवारच्या आकड्यावर ज्या यजमानाला काढले जाते, त्याला आजीने नाकारलेले असते. नातीने काय केले ते दुसऱ्या खात्यात, दुसऱ्या मजल्यावर, दुसऱ्याच साहेबाच्या टेबलावर पडलेले असते. दोन्ही कागद एकत्र ठेवून पाहिल्याशिवाय यजमान बदलू नये, एवढे तरी कोणत्याही वाहिनीला बिनखर्चात करता येईल.

बदलायचाच ठरला, तर आमच्या अनुभवाचा हिशेब असा. प्रक्षेपणाआधी निदान सहा भाग कच्चे करावेत, खऱ्या प्रेक्षकांसमोर, आणि ते कधीच दाखवू नयेत. पहिल्या दोनांत यजमान जुन्याची नक्कल करतो, तिसऱ्या-चौथ्यात ती टाळायच्या नादात आखडतो, पाचव्यापासून स्वतःसारखा बोलू लागतो. आपण नेमके पहिले दोन प्रक्षेपित करतो. शीर्षकसंगीत, प्रवेशाची पद्धत आणि बसण्याची जागा या तिन्ही पहिल्या दिवसापासून नव्या असाव्यात. नाव जुने ठेवले तरी चालेल. जुन्या यजमानाचे ठरलेले वाक्य नव्याच्या तोंडी एकदाही येऊ नये. प्रेक्षकांना कंत्राटदारामार्फत रोजंदारीवर आणण्यापेक्षा वाशीच्या भावे नाट्यगृहाच्या किंवा आपल्या घाणेकरच्या तिकीट खिडकीशेजारी फुकट प्रवेशिका ठेवाव्यात, नाटकाचे तिकीट काढणारा माणूस कधी हसायचे ते जाणतो. आणि दिवसाचा शेवटचा भाग रात्री आठनंतर सुरू करू नये. पाहुणा अंधेरीहून निघून गायमुखला अडकतो, चित्रीकरण साडेनऊवर जाते, आणि दहानंतर कळवा-दिव्याकडचे प्रेक्षक यजमानाकडे बघायचे सोडून गाडीच्या वेळेसाठी घड्याळाकडे बघू लागतात. मग आमसुली साडीतल्या बाईंना पुन्हा हसावे लागते.

आपले,
दूरचित्रवाणी निर्मितीत काम करणारे काही रहिवासी,
घोडबंदर रस्ता, ठाणे (पश्चिम)